वेळेवर दिलेली शाबासकी

जेवणाच्या टेबलाखाली बसून पोळीच्या तुकड्याची वाट पाहणारं कुत्रं हे आपल्या घरांतलं सर्वांत उत्तम शिकवलेलं जनावर असतं. कोणाच्या खुर्चीशी बसायचं, नाक मांडीला केव्हा टेकवायचं, आजोबा बातम्यांत गुंगले की हलकंच कुंईकुंई कसं करायचं आणि आई स्वयंपाकघरातून बाहेर आली की भलतीकडेच कसं बघत राहायचं, हे सगळं त्याला कोणत्याही क्लासला न जाता येतं. शिकवणारे घरचेच असतात. आपण शिकवतोय याचा त्यांना पत्ता नसतो, इतकंच. आणि हेच घर आल्यागेल्याला सांगत असतं, की आमचं कुत्रं काही केल्या ऐकत नाही.

बक्षीस देऊन शिकवण्याच्या ज्या पद्धतीची ओळख हे पुस्तक करून देतं, तिचं सूत्र दीड ओळीत मावतं. एखाद्या वागण्यापाठोपाठ जनावराला हवंसं काही मिळालं, तर ते वागणं पुन्हा होण्याची शक्यता वाढते. मानसशास्त्राची पाठ्यपुस्तकं याला सकारात्मक प्रबलन म्हणतात. सूत्र इतकं साधं, की यात पुस्तक लिहिण्यासारखं काय आहे असं कोणालाही वाटावं. मेख अशी आहे, की हा नियम आपण ठरवलं म्हणून सुरू होत नाही आणि आपल्या लक्षात नाही म्हणून थांबतही नाही. पट्टा ओढणारं कुत्रं आपल्याला फरफटत त्याच्या आवडत्या खांबापाशी नेतं. ओढण्याचं बक्षीस त्याला मिळालं. अंगावर उड्या मारणाऱ्या पिल्लाला आपण दोन्ही हातांनी ढकलतो, ‘नाही, नाही’ म्हणून ओरडतो. दिवसभर एकटं राहिलेल्या पिल्लाला एवढा खेळ पुरेसा होतो. कुरिअरवाला पाकीट देऊन जाणारच असतो, पण कुत्र्याच्या हिशेबी आपण भुंकलो म्हणून तो पळाला, आणि उद्या त्याहून जोरात भुंकायला हवं. बक्षिसं घरात अशी रोजच वाटली जात असतात. ती कोणाला, कशाबद्दल आणि कोणत्या क्षणी मिळतात, याकडे लक्ष द्यायला लेखिका शिकवते.

या विद्येचा इतिहास मांजरांपासून सुरू होतो, हे श्वानप्रेमींना जरा टोचेल. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन संशोधकाने १८९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रबंधासाठी भुकेली मांजरं लाकडी पट्ट्यांच्या पेट्यांत ठेवली आणि बाहेर खाऊ ठेवला. मांजर ओरबाडायचं, पट्ट्यांतून पंजा काढायचं, धडपडायचं, आणि त्या धडपडीत कधीतरी चुकून दोरीचा फास ओढला जाऊन दार उघडायचं. पुढच्या खेपांना तेच दार हळूहळू लवकर उघडू लागलं. मांजराच्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला असं कधी दिसलं नाही. निरुपयोगी हालचाली गळत गेल्या आणि उपयोगी ती उरली. पाव्हलॉव्हची लाळ गाळणारी कुत्री शाळेपासून आपल्या ओळखीची आहेत. त्यांचं काम वेगळं आहे आणि पुढे फटाक्यांच्या प्रकरणात ती परत येतात, म्हणून इथे थांबत नाही.

खरी गंमत घडली ती १९४३ साली मिनीॲपोलिसमधल्या एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर आणि त्याचे सहकारी तिथे कबुतरांना बॉम्ब नेमका निशाण्यावर नेण्याचं शिक्षण देत होते. युद्धकाळ होता, सरकारी पैसा होता, आणि वॉशिंग्टनहून निर्णय यायला वेळ लागत होता. रिकामपणी त्यांनी एका कबुतराला लाकडी चेंडू चोचीने ढकलायला शिकवायचं ठरवलं. कबुतराने चेंडूला चोच मारली की दाणा द्यायचा, असा बेत. कबुतर काही मारेना. मग त्यांनी वाट पाहणं सोडलं आणि कबुतराने चेंडूकडे नुसतं पाहिलं तरी दाणा दिला. मग मान जरा जवळ आली तर. मग चोच लागली तर. काही मिनिटांत चेंडू पेटीच्या भिंतींवर आपटू लागला. हव्या त्या वागण्याची वाट न पाहता त्याच्या दिशेने पडलेल्या प्रत्येक लहान पावलाची किंमत करायची, ही युक्ती प्रयोगशाळेच्या यंत्रांतून सुटून माणसाच्या हातात आली ती तिथे. पुढे डिसेंबर १९५१ मध्ये स्किनरने ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये सामान्य वाचकांसाठी लेख लिहिला आणि मुलांच्या खेळण्यातली टिकटिक करणारी पत्र्याची डबी वापरून घरच्या कुत्र्याला कसं शिकवता येईल ते सांगितलं. आज दुकानात मिळणाऱ्या क्लिकरचा हा पूर्वज. लेखाकडे त्या वेळी श्वानशिक्षकांनी फारसं पाहिलं नाही. प्राध्यापकाने कुत्र्यांबद्दल काय सांगावं, हा सूर आपल्याकडचाच आहे असं नाही.

त्याच कबुतरांच्या कामात केलर आणि मॅरिअन ब्रेलँड हे जोडपं होतं. स्किनरचे हे विद्यार्थी विद्यापीठ सोडून धंद्यात पडले. कोंबड्या, बदकं, ससे, डुकरं यांना शिकवून ते जत्रांत आणि जाहिरातींत खेळ करू लागले, आणि पुढे आर्कन्सॉमधल्या हॉट स्प्रिंग्ज गावी त्यांनी प्राण्यांचं कायमचं प्रदर्शन थाटलं. मला या दोघांबद्दल जास्त आदर आहे तो त्यांच्या यशापेक्षा त्यांनी १९६१ साली लिहिलेल्या एका निबंधामुळे. त्यात त्यांनी आपल्या फजित्या मांडल्या आहेत. एका डुकराला त्यांनी लाकडी नाणं उचलून पैशाच्या डब्यात टाकायला शिकवलं. सुरुवातीला डुक्कर खुशीने धावत नाणी नेई. काही आठवड्यांनी ते वाटेत नाणं खाली टाकू लागलं, मग नाकाने उकरू लागलं, पुन्हा उचलून हवेत भिरकावू लागलं, पुन्हा उकरू लागलं. खाणं मिळायला उशीर होई, पोट रिकामं राही, तरी उकरणं सुटेना. रॅकूनची तऱ्हा अशीच: दोन नाणी दिली की तो ती एकमेकांवर चोळत बसे, चिंगूस सावकारासारखा. अन्न शोधताना जनावर पिढ्यान्‌पिढ्या जे करत आलं, ते शिकवलेल्या गोष्टीवर चढून बसतं. स्किनरच्याच शिष्यांनी स्किनरला दाखवलेली ही मर्यादा होती, आणि बक्षिसाच्या पद्धतीचा पुरस्कार करणाऱ्या प्रत्येकाने ती आधी वाचावी. ज्यांनी कारवान किंवा मुधोळ हाउंड पाळलाय त्यांना वाचायचीही गरज नाही. माळावर समोरून ससा उठला, की हातातलं चिकन आणि गळ्यातला आवाज दोन्ही वाया जातात. त्या कुत्र्याला धावणं हेच बक्षीस असतं. शहाणा मालक मग मोकळं धावणं हेच बक्षीस म्हणून वापरतो: आधी माझ्याकडे बघ, मग सुट.

समुद्री प्राण्यांनी या पद्धतीला जी शिस्त लावली ती कुत्र्यांनी कधी लावली नसती. कुत्र्याला गळपट्टा घालता येतो, ओढता येतं, दाबून बसवता येतं. म्हणून आपल्या चुका झाकल्या जातात. डॉल्फिनला काय करणार? रागावलात तर तो टाकीच्या पलीकडे जाऊन पाठ फिरवतो. कॅरन प्रायर १९६३ पासून हवाईतल्या ‘सी लाइफ पार्क’मध्ये डॉल्फिनना शिकवत होती. शिट्टी, आणि शिट्टीनंतर मासा, एवढ्यावर सारा कारभार. तिने १९८४ साली लिहिलेलं ‘डोन्ट शूट द डॉग’ हे पुस्तक नावात कुत्रं असूनही निम्म्याहून अधिक माणसांबद्दल आहे, आणि तरी क्लिकर घेऊन कुत्र्यांना शिकवण्याची लाट १९९०च्या दशकात पसरली ती बरीचशी त्याच पुस्तकामुळे. याहून टोकाचं उदाहरण हवं असेल तर टांझानियात शिकलेल्या मगावा नावाच्या उंदराचं घ्या. ‘अपोपो’ या संस्थेत क्लिकरचा आवाज आणि त्यामागून केळ्याचा घास, अशा पद्धतीने त्याला स्फोटकांचा वास ओळखायला शिकवलं होतं. वजन इतकं कमी, की तो सुरुंगावरून चालला तरी सुरुंग उडत नसे. कंबोडियात त्याने ७१ भूसुरुंग शोधले आणि २०२० साली त्याला ब्रिटनमधल्या एका प्राणिसेवी संस्थेचं सुवर्णपदक मिळालं. उंदरावर डाफरून त्याच्याकडून कोणी हे काम करून घेऊ शकलं नसतं.

दुसरी परंपरा दमदाटीची. तिचाही पाया पुस्तकी आहे, हे अनेकांना माहीत नसतं. कोनराड मोस्ट या जर्मन पोलीस अधिकाऱ्याने १९१० साली पोलिसी कुत्र्यांच्या शिक्षणावर जे लिहिलं, त्यात झटका, धाक आणि हुकूम यांची बारीक पद्धत होती, आणि सैन्यांतून ती घरांत आली. तिला पुढे लांडग्यांचा आधार मिळाला. रुडॉल्फ शेंकेलने बाझलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांचा अभ्यास १९४७ साली प्रसिद्ध केला. एकमेकांना अनोळखी लांडगे एका कुंपणात डांबले की जे व्हायचं तेच झालं. मारामाऱ्या, आणि वर चढून बसलेला एक दांडगा. त्यातून ‘अल्फा’ निघाला. डेव्हिड मेक या अमेरिकन अभ्यासकाने १९७० सालच्या आपल्या पुस्तकात हीच कल्पना मांडली, आणि नंतर रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिल्यावर १९९९ साली स्वतःच सांगितलं, की रानातला कळप म्हणजे बहुधा आई, बाप आणि त्यांची पोरं. तिथे कोणी लढून नेता होत नाही. जुन्या पुस्तकाची छपाई थांबवा म्हणून तो प्रकाशकाच्या मागे लागला होता. पण अल्फा एव्हाना टीव्हीवर गेला होता. तिथून तो यूट्यूबवर आला आणि आता आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावरही कोणीतरी सांगत असतं: कुत्र्याच्या आधी तुम्ही जेवा, दारातून आधी तुम्ही जा, नाहीतर ते डोक्यावर बसेल.

सकाळी सहाला मोटारसायकलवरून येणारा, खिशात चोक चेन बाळगणारा आपल्या शहरांतला शिक्षक याच परंपरेतला. त्याच्याबद्दल सरसकट वाईट बोलायची माझी तयारी नाही. त्यातल्या काहींचा कुत्र्याचं शरीर वाचण्याचा हात जबरदस्त असतो. कान किती मागे गेले, शेपूट कुठे ताठ झालं, हे ते मालकाच्या आधी टिपतात. त्यांना दुसरं हत्यार कोणी दिलं नाही. आणि बक्षिसाचं हत्यार परदेशातूनच आलं असंही नाही. कोल्हापूर संस्थानात चित्ते ठेवून काळविटांची शिकार होत असे. चित्तेवान चित्त्याच्या डोळ्यांवरची टोपी काढी, चित्ता सुटे, काळवीट पाडी, आणि गळा धरून बसे. त्या क्षणी त्याच्या तोंडातून शिकार हिसकावण्याचा वेडेपणा कोणी करत नसे. चित्तेवान शांतपणे जवळ जाई, लाकडी पळीत शिकारीचं रक्त घेऊन चित्त्याच्या नाकासमोर धरी, आणि तो चाटण्यात गुंतला की टोपी पुन्हा डोळ्यांवर चढे. रानातून धरलेल्या चित्त्याला माणसाळवण्याचे पहिले दिवस निर्दय असत, ते झाकायचं कारण नाही. पण तोंडातलं सोडवायचं तर त्याच्या तोडीचं काही पुढे करायला हवं, हे त्या लोकांना पक्कं ठाऊक होतं. चपलेसाठी कुत्र्यामागे सोफ्याभोवती धावणाऱ्याला हे ठाऊक नसतं. धावण्याने चप्पल दुप्पट मोलाची होते.

‘म्हणजे लाचच की!’ हा आक्षेप ठरलेला. लाच आधी दाखवतात. पगार काम झाल्यावर देतात. चिकनचा तुकडा नाकासमोर नाचवून ‘ये, ये’ म्हणणारा मालक लाच देत असतो, आणि मग त्याचं कुत्रं हातात काही दिसल्याशिवाय हलत नाही, यात कुत्र्याचा दोष नाही. पुस्तकातलं तिसरं प्रकरण सगळं या एका फरकावर आहे. ते वाचताना किरकोळ वाटतं. करून बघताना घाम फुटतो.

मी लेखिकेचा एक वर्ग कोपऱ्यात बसून पाहिला, त्यात हे फार जवळून दिसलं. कोथरूडमधला दोन खोल्यांचा फ्लॅट, रस्त्यावरून आणलेली चिंगी नावाची कुत्री, डाव्या कानाला नसबंदीची खाच. दारावरची बेल वाजली की ती दारावर झेप घ्यायची आणि वर राहणाऱ्या काकू त्यामुळे येईनाशा झाल्या होत्या. लेखिकेने दारापासून थोड्या अंतरावर सतरंजीची चौघडी टाकली, कमरेच्या पिशवीत उकडलेल्या चिकनचे वाटाण्याएवढे तुकडे ठेवले, आणि काहीच केलं नाही. चिंगीने तिचे बूट हुंगले, उडी मारली, भुंकून पाहिलं, आळस दिला. मग सहज तिची नजर सतरंजीवर गेली. त्याच क्षणी ‘हां!’ आणि तुकडा सतरंजीवर. तुकडा खाऊन चिंगी दूर गेली, वळली, पुन्हा सतरंजीकडे पाहिलं. ‘हां!’ मग एक पाऊल. मग पुढचे दोन पाय वर. चौथा पाय वर यायला वेळ लागला आणि त्या वेळात खोलीतले आम्ही सगळे श्वास धरून होतो. चिंगी मात्र नाक वर करून विचार करत होती, हे अगदी दिसत होतं.

मग पाळी घरमालकांची. त्यांचा शब्द बरोबर येई, पण हात शब्दाच्या आधी पिशवीकडे जाई. चार-पाच वेळांतच चिंगीने सतरंजी सोडली आणि ती त्यांच्या मनगटाकडे टक लावून बसली. लेखिकेने त्यांना उजवा हात पाठीमागे धरायला लावला: आधी शब्द, मग हात. हात सुधारला तर वेळ चुकली. चिंगी बसली, त्यांनी पाहिलं, खूश झाले, आणि ‘हां’ म्हणेपर्यंत ती उठत होती. उठणं शिकवलं गेलं. एका सेकंदाच्या अल्याडपल्याडचा हा खेळ आहे, आणि क्लिकर असो वा ‘हां’, या आवाजाचं काम तेवढंच: खाऊ तोंडाशी पोचायला वेळ लागतो, आवाजाला लागत नाही, म्हणून नेमका क्षण आवाजाने पकडायचा. बेल आली ती शेवटी, तीही आधी मोबाइलवर बारीक आवाजात. खरी बेल शेजारच्या मुलाने वाजवली, जरा जास्तच उत्साहाने, आणि चिंगी सगळं विसरून दारावर आदळली. घरमालकांचा चेहरा उतरला. लेखिकेने मुलाला खाली पाठवलं, मोबाइल पुन्हा काढला आणि आवाज कमी केला. ‘पायरी मोठी झाली’ एवढंच म्हणाली. जनावर चुकलं तर पायरी लहान करायची. मला वाटतं, या पद्धतीत माणसाच्या स्वभावाला सर्वांत जड जाणारी गोष्ट हीच आहे.

घरात माणसं अनेक आणि नियम अनेक, ही आपल्याकडची दुसरी अडचण. चौघं टेबलावरून काही देत नाहीत, आजी पाचव्या दिवशी एक तुकडा सोडते. आजीला वाटतं, एखाद्या वेळेने काय होतं? होतं असं, की कधीमधी, बेभरवशाने मिळणारं बक्षीस वागणं सर्वांत चिवट करतं. फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ साली यावर जाडजूड ग्रंथच लिहिला, आणि लॉटरीची तिकिटं विकणाऱ्यांना तो न वाचताही कळला होता. त्यात भर अशी, की मागणं बंद करायचं ठरवून सगळ्यांनी एकदम हात आखडला, तर ते थांबण्याआधी काही दिवस वाढतं. कुंईकुंईचं भुंकणं होतं, भुंकण्याचं टेबलावर पाय टाकणं. नेमकं तेव्हा कोणीतरी वैतागून तुकडा फेकतं. आता कुत्र्याला कळलं, की किती जोर लावावा लागतो. म्हणून लेखिका सांगते तो उपाय मला व्यवहारी वाटतो: आजीचा हात थांबवू नका, त्याची जागा बदला. तुकडा द्यायचाच, पण कुत्रं आपल्या गादीवर पडलेलं असताना, तिथे जाऊन.

शिक्षेबद्दल मला सरळ बोलायचं आहे, कारण या विषयावरची बरीच पुस्तकं इथे गोड बोलून निसटतात. शिक्षेने वागणं थांबतं. थांबत नसतं तर इतकी वर्षं कोणी ती केली नसती. पण ती नीट लागू व्हायची तर दर वेळी, त्याच क्षणी आणि नेमक्या मापाची व्हावी लागते, आणि हे साधणारा माणूस बक्षीसही तितक्याच नेमकेपणाने देऊ शकला असता. संध्याकाळी घरी येऊन सकाळी कुरतडलेली उशी कुत्र्याच्या नाकाशी धरणाऱ्याची शिक्षा उशीपर्यंत पोचतच नाही. मालक घरी येणं धोक्याचं असतं, एवढंच त्यातून कळतं. त्याहून गंभीर गोष्ट गुरगुरण्याची. गुरगुरणं ही कुत्र्याने दिलेली सूचना असते. ती मारून बंद केली, तर सूचना न देता चावणारं कुत्रं तयार होतं, आणि मग सगळे म्हणतात, काही कारण नसताना चावलं. पोर्तुगालमधल्या संशोधकांनी २०२० साली सात शिक्षणवर्गांतल्या ९२ पाळीव कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दमदाटीच्या वर्गांतल्या कुत्र्यांत तणावाच्या खुणा जास्त होत्या, शिकवणीनंतर लाळेतलं कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक अधिक वाढलेलं होतं. शिवाय वर्गाबाहेरच्या एका चाचणीत, खाणं असलेल्या आणि नसलेल्या जागांच्या मधोमध ठेवलेल्या भांड्याकडे ती कुत्री अधिक रेंगाळत गेली. म्हणजे त्यात काही असेल ही आशाच त्यांना कमी होती. मला कॉर्टिसोलच्या आकड्यापेक्षा ते रेंगाळणं जास्त बोलकं वाटतं. विजेचा झटका देणाऱ्या पट्ट्यांवर वेल्समध्ये २०१० पासून बंदी आहे. आपल्याकडे १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं अकरावं कलम जनावराला मारहाण करणं आणि फार आखूड किंवा फार जड साखळीने बांधून ठेवणं गुन्हा ठरवतं. तरी विजेचे पट्टे ऑनलाइन सर्रास मिळतात.

बक्षिसाची पद्धत म्हणजे लाड, असा समज करून पुस्तक हाती घेणाऱ्यांची निराशा होईल. लेखिका बरीच कडक आहे. उडी मारणाऱ्या कुत्र्याकडे पाठ करायला ती सांगते, आणि पाठ म्हणजे पाठ. मान वळवून हसायचं नाही. जे कुत्र्याने कुरतडू नये ते त्याला सापडू नये, हे तिच्या मते निम्मं प्रशिक्षण आहे. चपला कपाटात, कचऱ्याचा डबा झाकणाचा, स्वयंपाकघराला छोटं फाटक. आणि आजवर शांत असलेलं कुत्रं अचानक अंगावर येऊ लागलं, तर पिशवी बाजूला ठेवून आधी पशुवैद्याकडे. कान, दात, कंबर, कुठेतरी दुखत असतं.

मांजरांवर इथे एकच प्रकरण आहे आणि ते मला अपुरं वाटलं. थॉर्नडाइकच्या मांजरांनी या शास्त्राला सुरुवात करून दिली, तर त्यांना पिंजऱ्यात स्वतःहून शिरायला शिकवण्यापलीकडे आणखी काही मिळायला हवं होतं. पोपटावर काही नाही, ते मात्र योग्यच. आपला देशी पोपट घरी पाळणं हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, मग तो कितीही छान बोलत असो.

खाऊची यादी शेवटी दिली आहे. शाकाहारी घरांसाठी तीत पनीर, उकडलेलं रताळं आणि गाजर आहे, आणि माझ्या पाहण्यात पनीरवर बहुतेक कुत्री चिकनइतकीच इमानदारीने काम करतात. सुकटीचा वास ज्यांच्या घरात चालतो त्यांना तर दुसरं काही लागतच नाही. न द्यायच्या गोष्टी ठळक अक्षरांत आहेत, त्या फ्रिजवर लावाव्यात: चॉकलेट, कांदा, द्राक्षं आणि बेदाणे, झायलिटॉल घातलेली बिनसाखरेची मिठाई. आपल्याकडे प्रसादाच्या शिऱ्यातून आणि लाडवातून बेदाणे कुत्र्याच्या पोटात जातात आणि देणाऱ्याच्या मनात प्रेमाखेरीज काही नसतं, म्हणून हे पुन्हा सांगतो. शिकवताना दिलेला खाऊ रोजच्या जेवणातून वजा करावा. लॅब्रॅडोर पाळणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

पुस्तक पहिल्या पानापासून क्रमाने वाचलं तर उत्तम, पण एक प्रकरण क्रम मोडून आधी वाचा: फटाक्यांचं. इथे पाव्हलॉव्ह परत येतो. ‘बस’, ‘ये’ असलं काही शिकवायचं नसतं. ज्या आवाजाने कुत्रं पलंगाखाली शिरतं, त्या आवाजापाठोपाठ काहीतरी उत्तम येतं, एवढं त्याच्या अंगात मुरवायचं असतं. म्हणून फटाक्यांचा आवाज मोबाइलवर इतका बारीक लावायचा, की कुत्र्याचा नुसता कान हलेल, आणि लगेच पनीर. आवाज आधी, पनीर नंतर. उलटं केलं तर पनीर दिसताच कुत्रं पळू लागतं. आवाज वाढवायचा तो दिवसादिवसाने, कुत्रं खायचं थांबलं तर पुन्हा खाली. याला आठवडे लागतात. म्हणून हे काम वसुबारसेच्या आदल्या रात्री सुरू करून उपयोग नाही, श्रावणात सुरू करावं. पुण्यात नदीकाठी राहणाऱ्यांना त्याहूनही आधी, कारण ढोल-ताशा पथकांचा सराव गणपतीच्या बराच आधी सुरू होतो. आणि ज्यांचं कुत्रं आवाजाने लाळ गाळत, थरथरत, खाणंपिणं सोडून बसतं, त्यांनी पशुवैद्याची वेळ आजच घ्यावी. भीतीवर औषधं आहेत, ती आधीपासून ठरवून द्यावी लागतात, आणि त्या दिवसांत दवाखान्यांतली रांग रस्त्यापर्यंत येते.